ध्रुवांवरील वितळते हिम आणि येरळाकाठचे आपण

तासगाव परिसरातील मुलांना बर्फ माहीत असतो तो यात्रेतल्या गोळ्याचा, फ्रीजमधल्या वडीचा आणि क्वचित द्राक्षबागेवर कोसळणाऱ्या गारांचा. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांकडे झुकणाऱ्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाने उत्तर आणि दक्षिण ध्रुवांवरील हिमाचा विचार का करावा, असा प्रश्न कोणालाही पडणे स्वाभाविक आहे. भूगोलाच्या पुस्तकात ध्रुवीय प्रदेशाचा एक धडा असतो. पांढरे अस्वल, पेंग्विन, सहा महिन्यांची रात्र एवढे लक्षात ठेवून परीक्षेचे गुण मिळवले की तो धडा संपतो. वस्तुतः तो धडा आज आपल्या शिवारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ध्रुवीय प्रदेशात नेमके काय बदलत आहे? त्या बदलाने तेथील जीवसृष्टीवर कोणता परिणाम होत आहे? आणि कृष्णा-येरळेच्या खोऱ्यातील आपल्या जीवनाशी त्याचा संबंध कोठवर जुळतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच सांगणे आवश्यक आहे. विज्ञानाच्या अभ्यासात भीती वाढवून सांगणे आणि वास्तव कमी करून सांगणे हे दोन्ही दोषच होत.

दोन ध्रुव, दोन प्रकृती

उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव हे जुळे भाऊ आहेत अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश म्हणजे मुळात एक महासागर आहे. त्याच्या भोवती रशिया, कॅनडा, अलास्का, ग्रीनलंड आणि स्कँडिनेव्हिया यांची भूमी आहे. त्या महासागराचे पाणीच थंडीने गोठते आणि त्यावर काही मीटर जाडीचा सागरी बर्फ पसरतो. या प्रदेशात इन्युइट, सामी यांसारखे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

दक्षिण ध्रुवाभोवतीचे अंटार्क्टिका मात्र खंड आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. त्यातील सुमारे ९८ टक्के भूमी हिमाच्या थराखाली दडलेली असून त्या थराची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील व्होस्टोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तेथे मूळचा रहिवासी असा कोणताही मानवी समाज नाही. आहेत ती केवळ संशोधनाची केंद्रे.

हा भेद समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशेब कळत नाही. तो समजण्यासाठी घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. दोन सारखी भांडी घ्यावीत. पहिल्यात पाणी भरून त्यात बर्फाच्या चार वड्या तरंगत सोडाव्यात. दुसऱ्यात मध्यभागी दगड ठेवून दगड बुडणार नाही इतके पाणी भरावे आणि त्या दगडावर तेवढ्याच वड्या ठेवाव्यात. दोन्ही भांड्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि बर्फ वितळू द्यावा. पहिल्या भांड्यातील पातळी जवळजवळ जशीच्या तशी राहते, दुसऱ्यातील वाढते. पहिले भांडे म्हणजे आर्क्टिकचा सागरी बर्फ आणि दुसरे म्हणजे ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांच्या भूमीवरचे हिम. समुद्राची पातळी वाढवणारे हिम हे दुसऱ्या प्रकारचे आहे. ग्रीनलंडवरील सर्व हिम वितळले तर जगातील समुद्र सुमारे सात मीटरने चढतील. अंटार्क्टिकाच्या बाबतीत हाच आकडा ५८ मीटरच्या जवळ जातो. असे घडण्यास शतकानुशतके लागतील. तथापि त्याचा प्रारंभ झालेला आहे. उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ पासून ग्रीनलंड दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक आणि अंटार्क्टिका शंभर अब्ज टनांहून अधिक हिम गमावत आहे.

मग तरंगता सागरी बर्फ वितळला तर बिघडते काय? त्याचे उत्तर पुढील भागात आहे.

पांढरे छत हरवते तेव्हा

उन्हाळ्यात स्लॅबच्या घरावर चुना मारला की खालची खोली थोडी थंड राहते, हा अनुभव आपल्याकडे अनेकांनी घेतला आहे. पांढरा पृष्ठभाग सूर्यकिरण परतवतो, काळा शोषून घेतो. दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी चाललेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते. खुला समुद्र जेमतेम सहा-सात टक्के परत पाठवतो आणि उरलेली उष्णता पोटात घेतो. म्हणजे आर्क्टिकवरचा बर्फ हे पृथ्वीच्या घरावर मारलेल्या चुन्यासारखे आहे. तो कमी झाला की समुद्र अधिक तापतो आणि समुद्र तापला की उरलेला बर्फ आणखी वितळतो. परिणामच पुन्हा कारण होऊन बसतो. अशी ही साखळी आहे.

या साखळीमुळेच १९७९ नंतरच्या काळात आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. तेथील सागरी बर्फाचा विस्तार दरवर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होतो. तो सप्टेंबरचा विस्तार दर दशकाला सुमारे बारा टक्क्यांनी घटत आला असून २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटर इतक्या विक्रमी नीचांकावर पोहोचला होता.

अंटार्क्टिकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील सागरी बर्फ २०१४ पर्यंत थोडा वाढत होता. त्या वाढीचा दाखला देऊन तापमानवाढीवर शंका घेणारे लोकही होते. परंतु त्यानंतर चित्र पालटले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील उन्हाळी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली, उपग्रहीय नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला आला. त्यापूर्वी २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील 'लार्सन बी' हा ३,२०० चौरस किलोमीटरहून मोठा हिमतट अवघ्या काही आठवड्यांत फुटून विखुरला होता. एका वर्षाच्या वा एका कोपऱ्याच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, दीर्घकाळाची मोजणी पाहावी, हा धडा यातून मिळतो.

हे सर्व कशामुळे, याचा पुरावाही हिमानेच जपून ठेवला आहे. अंटार्क्टिकात हिमाचे थर वर्षावर्षाने साचत जातात आणि प्रत्येक थरात त्या काळची हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहते. खोल छिद्रे पाडून काढलेल्या हिमस्तंभांतील अशा बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांच्या हवेची परीक्षा करता आली आहे. त्या संपूर्ण काळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत साधारणपणे १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिले. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि वायू यांच्या ज्वलनाने व जंगलतोडीने अवघ्या दोन शतकांत हा बदल घडवला. परिणामी २०११ ते २०२० या दशकातील पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तापमानापेक्षा १.१ अंशाने वाढलेले होते.

यात आणखी एक धोका दडलेला आहे. सैबेरिया, अलास्का आणि कॅनडा येथील जमीन हजारो वर्षे गोठलेली आहे. त्या गोठलेल्या मातीत कुजण्यावाचून राहिलेला सेंद्रिय कार्बन हवेतील एकूण कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे. ती जमीन सैल होऊ लागली की सूक्ष्मजीव त्या साठ्यावर काम सुरू करतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायू बाहेर पडतात.

बर्फावर जगणारे जीव

ध्रुवीय अस्वल जमिनीवरचा प्राणी दिसत असला, तरी त्याचे पोट समुद्राच्या बर्फावर भरते. सील श्वास घेण्यासाठी बर्फातील छिद्रातून वर येते, त्या छिद्राशी तासन्‌तास दबा धरून अस्वल शिकार साधते. खुल्या पाण्यात पोहून सील पकडणे त्याला सहसा साधत नाही. बर्फ लवकर फुटला आणि उशिरा गोठला, तर मधल्या काळात त्याला अंगच्या चरबीवर उपवास काढावा लागतो. उपवास लांबला की मादीचे दूध आटते आणि पिल्ले दगावतात. जगात ध्रुवीय अस्वलांची संख्या सुमारे २६ हजार मानली जाते. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील कळपाची हवाई पाहणी २०१६ मध्ये झाली तेव्हा ८४२ अस्वलांचा अंदाज निघाला होता. २०२१ च्या पाहणीत तो ६१८ वर आला. अशा अंदाजांत कमी-अधिक होण्यास वाव असतो, परंतु उताराची दिशा स्पष्ट आहे.

वॉलरस हा सुळेवाला सागरी प्राणी समुद्राच्या तळाशी शिंपले खातो आणि विश्रांतीसाठी तरंगत्या बर्फावर चढतो. बर्फ दूर सरकल्यामुळे २०१४ मध्ये अलास्कातील पॉइंट ले येथे सुमारे ३५ हजार वॉलरस एकाच किनाऱ्यावर दाटीवाटीने जमा झाले होते. अशा गर्दीत काही कारणाने चेंगराचेंगरी झाली, तर पिल्ले प्रथम मरतात. स्वालबार्डमधील रेनडियर वेगळ्याच संकटात आहेत. हिवाळ्यात हिमाऐवजी पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठून काचेसारखा थर होतो आणि खालचे शेवाळ-गवत खुरांनी उकरता येत नाही. २०१९ मध्ये तेथे दोनशेहून अधिक रेनडियर उपासमारीने मेलेले आढळले. पाऊस वेळ चुकून आला की अन्नावर कसा घाला पडतो, हे आपल्या शेतकऱ्यांना अधिक काय सांगावे!

दक्षिणेत एम्परर पेंग्विनचे जीवन तर बर्फाच्या वेळापत्रकावरच बांधलेले आहे. अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात मादी अंडे घालून समुद्राकडे जाते आणि नर ते अंडे आपल्या पावलांवर, पोटाच्या घडीखाली झाकून सुमारे दोन महिने अन्नाचा कणही न घेता उभा राहतो. पिल्लाला जलरोधक पिसे फुटेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, पायाखालचा बर्फ टिकावा लागतो. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या काठावरील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. त्या वसाहतींतील पिल्ले त्या वर्षी जवळजवळ नाहीशी झाली. मोठे पक्षी पुढील वर्षी नवी जागा शोधू शकतात, पण अशी वर्षे वारंवार येऊ लागली तर शोधण्यासाठी जागाच उरणार नाही.

या सर्वांच्या मुळाशी क्रिल नावाचा बोटभर लांबीचा, कोळंबीसारखा जीव आहे. त्याची पिल्ले हिवाळ्यात सागरी बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. क्रिलवर मासे, पेंग्विन, सील आणि महाकाय देवमासे अवलंबून असतात. म्हणजे बर्फ हे त्या समुद्राचे शेत आहे. शेत आकसले की धान्य कमी होते आणि धान्य कमी झाले की खाणारे उपाशी राहतात.

ही जीवसृष्टी आपल्यापासून इतकी दूर नाही. 'टिलवा' या नावाने ओळखला जाणारा, चिमणीएवढा पाणथळीतील पक्षी दर हिवाळ्यात महाराष्ट्रातील तलावांच्या व खाड्यांच्या चिखलात किडे टिपताना दिसतो. वीस-तीस ग्रॅम वजनाचा हा पाहुणा आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात जन्मलेला असतो. तेथील हिम वितळून किड्यांचा सुकाळ होतो, नेमक्या त्याच काळात अशा पक्ष्यांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात. हिम लवकर वितळू लागल्याने हा मेळ चुकण्याचा धोका आहे. सैबेरियातील 'नॉट' या पाणपक्ष्याच्या अभ्यासात, लवकर हिम वितळलेल्या वर्षांतील पिल्ले शरीराने लहान राहिल्याचे दिसून आले आहे. आपल्या तलावाच्या काठावर थव्याने उतरणारे पक्षी ध्रुवावरच्या वसंताची खबर घेऊन येत असतात.

गोव्याहून हिमखंडाकडे

भारताने या प्रदेशाचा अभ्यास उशिरा सुरू केला, पण निष्ठेने चालवला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पहिले भारतीय पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. पुढे तेथे 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र उभारण्यात आले. हिमतटावर बांधलेले ते केंद्र काही वर्षांत हिमाखाली गाडले गेले. त्यानंतर खडकाळ भूमीवरील 'मैत्री' (१९८९) आणि लार्समान टेकड्यांवरील 'भारती' (२०१२) ही केंद्रे कार्यरत झाली. उत्तरेकडे स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून 'हिमाद्री' हे भारतीय केंद्र आहे. या सर्व कार्याचे सूत्रसंचालन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. अंटार्क्टिकातून आणलेले हिमस्तंभ तेथील शीतकक्षांत उणे वीस अंशांत जपून ठेवलेले असतात. तासगावहून एका दिवसात पोहोचता येईल अशा अंतरावर, कोकणपट्टीच्या दमट हवेत, हजारो वर्षांपूर्वीचे हिम अभ्यासले जाते, ही गोष्ट विज्ञानाची आवड असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

या इतिहासात आपल्या परिसराशी जोडलेले एक नाव अगत्याने सांगितले पाहिजे. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ होत्या. एक भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदिती पंत या मुत्सद्दी आप्पासाहेब पंत यांच्या कन्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील. याच संस्थानाने दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी झाली. नागपूरला जन्म, पुणे विद्यापीठातून विज्ञानाची पदवी, पुढे हवाई आणि लंडन येथे उच्च शिक्षण आणि त्यानंतर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन असा त्यांचा प्रवास झाला. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती, ज्यांच्यावर वर सांगितलेली सारी अन्नसाखळी उभी आहे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या पाचव्या मोहिमेतही सहभागी झाल्या. मुलींनी एवढ्या दूर, एवढ्या थंडीत कशाला जायचे, या प्रश्नाला त्यांच्या कार्याने चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे.

शिवारापर्यंत पोहोचलेला धडा

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. तासगावचे अर्थकारण द्राक्ष आणि बेदाणा यांवर उभे आहे. 'तास-ए-गणेश' या वाणाच्या नावातच तासगाव आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. या पिकाचे यश कोरड्या हवेवर अवलंबून असते. फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला की दावण्या पसरतो, घड कुजतात आणि मणी गळतात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर वाळत असताना अवकाळी पाऊस आला, तर बेदाण्याचा रंग काळवंडतो आणि सौद्यात भाव पडतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळे पाठोपाठ उठली आणि अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे अपरिमित नुकसान झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर मजल मारली होती. येरळा जेथे कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील नाव उलटून झालेली जीवितहानी या परिसराच्या स्मृतीतून पुसली जाणार नाही.

या घटना ध्रुवावरील हिम वितळल्यामुळेच घडल्या, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. एका पुराला पाऊस, धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील अतिक्रमणे अशी अनेक कारणे असतात. तथापि काही दुवे अभ्यासाने पुढे आले आहेत. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस कमी दिवसांत अधिक जोराने कोसळण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. गोव्यातील ध्रुवीय केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक संभाव्य दुवा मांडला. आर्क्टिकमधील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यातील, विशेषतः सप्टेंबरमधील, मध्य भारतातील अतिवृष्टी यांचा संबंध त्यांनी दाखवला. बर्फ कमी झाल्याने तेथील वरच्या थरातील वाऱ्यांची घडी बदलते, तिचे पडसाद आशियावरून खाली उमटतात आणि तापलेला अरबी समुद्र त्यात बाष्पाची भर घालतो, अशी ती मांडणी आहे. तिच्यावर अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे, पण हवेला तालुक्याच्या सीमा नसतात एवढे त्यातून निश्चित कळते.

समुद्रपातळीचे म्हणाल तर १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे आणि वाढीचा वेग चढता आहे. तासगाव समुद्रापासून दूर आहे हे खरे. परंतु आपल्या तालुक्यांतील किती घरांची मुले मुंबईत, नवी मुंबईत सखल वस्त्यांतून राहतात, याचा विचार केला म्हणजे हे अंतर कमी होते.

भार कोणाच्या खांद्यावर?

या विषयाचा एक पैलू न्यायाचा आहे. आजवर हवेत साचलेल्या कार्बनचा मोठा भाग श्रीमंत औद्योगिक देशांनी सोडलेला आहे. भारतातील माणशी उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. गावाच्या पातळीवरही हेच दिसते. बाग वाया गेली तर बागायतदाराचे नुकसान होते, त्याची चर्चा होते, पंचनामा होतो. पण त्या बागेत डिपिंग, विरळणी, काढणी करणाऱ्या आणि शेडवर बेदाणा निवडणाऱ्या मजूर स्त्रियांचा बुडालेला रोज कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. पूर आला की नदीकाठच्या सखल वस्तीत प्रथम पाणी शिरते आणि तेथून सर्वांत शेवटी ओसरते. ज्यांनी हवा कमीत कमी तापवली, त्यांच्याच वाट्याला तापलेल्या हवेचा अधिकात अधिक भार येतो. निवासी शाळेत शिकणारी बहुसंख्य मुले कष्टकऱ्यांच्या घरची असतात. त्यांना हवामानाचे विज्ञान शिकवणे हे केवळ गुणांसाठी नाही. आपल्या जगण्यावर कोणती शक्ती काम करीत आहे हे ओळखणे आणि ग्रामसभेत, तालुक्याच्या कचेरीत आधारासह बोलता येणे, यासाठी ते आहे.

निराशेचे कारण नाही

जगाने एकत्र येऊन ध्रुवावरील संकट आवरल्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केले. शीतकपाटांतील विशिष्ट वायूंमुळे हे घडत असल्याचे सिद्ध झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. त्या वायूंचा वापर जवळजवळ थांबला आणि आज तो थर हळूहळू भरून येत आहे. दुसरे उदाहरण अंटार्क्टिका कराराचे. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी हा खंड केवळ शांततेसाठी व विज्ञानासाठी राखण्याचे मान्य केले. भारत १९८३ मध्ये त्यात सामील झाला. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तेथे खाणकामास बंदी केली आणि भारताने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

कार्बनचा प्रश्न याहून पुष्कळ अवघड आहे, कारण तो चुलीपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र पसरलेला आहे. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली, शक्य तर दीड अंशावर, रोखण्याचे ध्येय ठरले. भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. हे काम सरकारांचे आणि मोठ्या उद्योगांचे आहे, एका शाळेने दिवे मालवून ते होणार नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही शाळेला जे करता येते ते थोडे नाही.

पहिले काम नोंदीचे. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापक आणि एक जाडजूड वही एवढी सामग्री पुरे. रोज सकाळी साडेआठ वाजता दोन विद्यार्थ्यांनी पाऊस व तापमान नोंदवावे. वसतिगृहात मुले वर्षभर राहत असल्याने दिवाळीची सुटी वगळता ही नोंद सहसा खंडित होणार नाही. एका वर्षाच्या नोंदीला फारशी किंमत नसते, पण वीस वर्षांची वही ही त्या गावाची ठेव ठरते. दुसरे काम निरीक्षणाचे. हिवाळ्यात जवळच्या तलावावर कोणते पाहुणे पक्षी कोणत्या तारखेस प्रथम दिसले, बागा कधी फुलोऱ्यात आल्या, दावण्या कधी पडला, याची तारीखवार टाचणे ठेवावीत. तिसरे काम व्यवहाराचे. छतावरचे पाणी साठवणे, पाणी तापवण्यास सौर यंत्र बसवणे, वर्गखोल्यांच्या स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुना देणे आणि त्याने तापमान किती उतरले ते मोजून लिहिणे. या शेवटच्या प्रयोगातून ध्रुवावरचे हिम काय काम करते, हे सहावीतल्या मुलालाही उमगेल.

माजी विद्यार्थ्यांस येथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी कोणी शेतीत आहेत, कोणी शिक्षक, कोणी सरकारी सेवेत, कोणी परगावी. पर्जन्यमापकाची किंमत फार नसते. पण ती वही चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा शाळेत येऊन, मुलांसमवेत ती उघडून, मागील वर्षांशी ताडून पाहणारे कोणी तरी हवे असते. पालकांनीही आपल्या आठवणीतील मोठे पाऊस, दुष्काळ, पूर आणि बागांची साले मुलांना सांगून त्या वहीच्या पहिल्या पानांवर लिहवून घ्यावीत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, तरीही तो वितळणे घातक का ठरते?

२. एम्परर पेंग्विनचे पिल्लू आणि बेदाण्याच्या शेडमधील द्राक्षे या दोहोंना ऋतूचे वेळापत्रक चुकल्याने कसा फटका बसतो, याची तुलना करा.

३. आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून गेल्या तीस वर्षांत पावसाच्या वेळेत कोणते बदल जाणवले ते लिहा. त्यातील आठवण कोणती आणि मोजलेली नोंद कोणती, हे वेगळे दाखवा.

४. अवकाळी पावसाने बुडालेल्या मजुरीची नोंद गावपातळीवर कशी ठेवता येईल? ग्रामसभेस द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा तयार करा.